एलेचेकचं टोक

ट्रॉलीबसचं दार फटकन बंद झालं आणि कुणीतरी माझं डोकं मागून खेचलं.

डोकं म्हणजे एलेचेक. डोक्याला गुंडाळायचं बारा मीटर पांढरंशुभ्र कापड, आमच्या किर्गिझ पणज्या गुंडाळायच्या तसं. मी उतरले, टोक आतच अडकलं, आणि बस निघाली की हो! मी फुटपाथवर भोवऱ्यासारखी गरगरतेय, कापड सुटत चाललंय, वरून एप्रिलचा पाऊस भुरभुरतोय... आणि मी किंचाळतेय, "अहो, थांबवा! माझं डोकं घेऊन निघालात!"

बस माझ्यासाठी थांबली नाहीच. पुढच्या वळणावर तिच्या छतावरच्या दांड्या तारांवरून निसटल्या, म्हणून थांबली. बिश्केकमध्ये तेव्हा हे रोजचंच होतं. ड्रायव्हर हातमोजे चढवत खाली उतरला. दारातून लोंबणारं पांढरं कापड त्यानं बघितलं. कापडाच्या मागोमाग रस्ता बघितला. रस्त्याच्या टोकाला मी...

आणि त्यानं झटकन पाठ फिरवली.

"वहिनी, मी बघत नाहीये हं!" तो तिकडूनच ओरडला. "घाबरू नका. आलोच."

मग तो उलटा चालत आला. खरंच सांगते — पाठीमागे पावलं टाकत, कापड कोपरावर गुंडाळत. मधेच खिडक्यांना नाकं लावून बसलेल्या लोकांवर खेकसला, "तमाशा आहे का इथं? बाईमाणसाचं डोकं उघडं पडलंय. तिकडे बघा सगळे, डोंगराकडे!"

आणि अख्खी बस डोंगराकडे बघायला लागली. ढगांमुळे डोंगर दिसतही नव्हते.

"टोक मी धरतो," तो पाठमोराच म्हणाला, "तुम्ही गुंडाळा."

"तुम्हाला काय माहीत कसं गुंडाळतात?"

"डोंगरातल्या नारिनचा आहे मी. लहानपणी आजीचं टोक मीच धरायचो. आणि... खालचा फेरा सैल करा. दुपारपर्यंत कान ठणकतील."

"न बघता कसं कळलं घट्ट झालाय ते?"

"कापड माझ्या हातात आहे ना, वहिनी. ताण कळतो."

त्याच्या मानेवर पावसाचे थेंब होते आणि कान लालबुंद झाले होते. मी त्या कानांच्याच प्रेमात पडले. चेहरा नंतर बघितला.

"कुबात!" कंडक्टर सोनुनबू मावशींनी बसच्या दारातून हाक मारली. "लग्नाला आलायस का? लोकांना कामं आहेत!"

तर त्याचं नाव कुबात. माझं बेगिमाय. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट होते. सोमवार ते शुक्रवार निळा कोट, "तोंड उघडा, डॉक्टर येतायत," संपला दिवस. शनिवार मात्र माझा. आम्ही चार मैत्रिणी मिळून जुने कपडे शिवायचो. जुने म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे. म्युझियमच्या काचेला नाक लावून टाके मोजायचो आणि घरी येऊन तस्सेच घालायचो. बरं, शिवून कपाटात ठेवायचं नाही, असा आमचा नियम. घालून बाजारात जायचं, भाजी आणायची, पोस्टात रांगेत उभं राहायचं. लोक हसायचे. "ओ आजीबाई, घोडा कुठं बांधलात?" "म्युझियममधून पळून आलीस का गं?" मीही उत्तरं द्यायचे. थट्टा ऐकायची सवयच झाली होती.

लग्न न झालेल्या मुलींची टोपी मला कधी शिवावीशी वाटली नाही. ती काय, नाचाच्या कार्यक्रमात चमचमणारी सगळ्याच घालतात. मला हवं होतं एलेचेक, आणि कमरेला बेल्देमची. हा पुढून उघडा, जाड भरतकाम केलेला घागरा मी वर्षभर भरत होते.

आई मात्र दर शनिवारी दारात उभी. "लग्न झालेल्या बायकांनी घालायचं असतं ते! कुमारिकेनं एलेचेक बांधलं तर तिला नवरा मिळायचा नाही."

"आई, कपडे आहेत गं ते. हौस आहे माझी."

"हौसेपायी राहशील बिनलग्नाची!"

मी आईचं कधी ऐकलंय?

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम त्याच वेळेची बस धरली. पावसाचं नावही नव्हतं, रस्त्याकडेची जर्दाळूची झाडं फुलांनी पांढरी झाली होती. दार उघडलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला! मग लगेच त्यानं मान वळवली आणि पुढच्या सीटवरच्या एका पोराला उठवलं. "ऊठ रे, वहिनींना बसू दे."

वहिनी! मला हसूच फुटलं. बाकीचे आजीबाई म्हणतात, हा वहिनी म्हणतो. निदान तरुण तरी ठेवलंय मला, म्हटलं.

मग दर शनिवारी हेच. तो समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता बोलायचा आणि मी त्याच्या कानांशी बोलायचे.

"घरचे दिसत नाहीत कधी तुमच्याबरोबर?"

"माझे मालक?" मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. "ते डोंगरात गेलेत. कुरणावर. घोडे घेऊन."

"असं... कधी येणार?"

"काय सांगावं! बर्फ पडल्यावर."

मग बेल्देमचीकडे ओझरतं बघत म्हणाला, "आणि... बाळ?"

"पाळण्यात! झोपवून आलेय."

मी खिदळले. तो हसला नाही, पण मला वाटलं, काय गंभीर तोंड करून थट्टा करतो हा! असा माणूस मला कधी भेटला नव्हता. बाकीचे एकदा हसून विसरायचे, हा मात्र खेळ पुढे नेत होता. एकदा तर त्यानं खिशातून मेंढीच्या घोट्याचं हाड काढलं. घासून गुळगुळीत केलेलं, लाल रंगवलेलं. अशी हाडं घेऊन आमच्याकडची पोरं खेळतात.

"बाळाला. मोठं झालं की खेळेल."

"अगं बाई! एवढं कशाला?"

"माझ्या हातचं आहे... असू दे."

मी ते पर्समध्ये ठेवलं. दवाखान्यात दिवसातून दहा वेळा हातात घ्यायचे. आता कधीतरी हा वहिनी म्हणायचं सोडेल आणि बेगिमाय म्हणेल, चहाला येतेस का विचारेल... जून गेला, जुलै गेला. तो काही विचारेना. उलट बोलणंच कमी होत गेलं. मी चढले की स्टिअरिंगवरची त्याची बोटं घट्ट व्हायची. उतरताना हळूच म्हणायचा, "जपून जा, वहिनी."

ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी दार उघडलं तर ड्रायव्हरच्या जागी कुणी टकलू. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच. मी सोनुनबू मावशींना गाठलं.

"मावशी, कुबात आजारी आहे का हो?"

मावशींनी तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला. "मार्ग बदलून घेतलाय त्यानं. आणि पुढच्या आठवड्यात रविवारी नोकरी सोडून गावी चाललाय. कायमचा."

"का?"

"वर मलाच विचारतेस? लाज वाटत नाही? नवरा बिचारा डोंगरात घोडे राखतोय, पाळण्यात लेकरू टाकून येतेस, आणि दर शनिवारी पुढच्या सीटवर बसून खिदळतेस पोराशी! साधा पोर आहे तो. परवा माझ्यापाशी रडला. म्हणाला, मावशी, मी दुसऱ्याच्या बायकोची वाट बघायला लागलोय. हे बरं नाही, मला इथून जायलाच हवं."

मी मावशींचं मनगटच धरलं.

"मावशी... मला नवरा नाही हो!"

"अरे देवा. वारला?"

"नव्हताच कधी!"

"मग डोक्यावर काय आहे हे?"

"हौस."

"आणि ही बेल्देमची? पहिलं लेकरू झाल्यावर नेसतात ती!"

"तीपण... हौसच."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पुढचा स्टॉप कुणाला सांगायचाच राहिला. मला मात्र रडू येत होतं. सगळं शहर मला वेडी समजत होतं, आणि त्या एकट्यानं माझे कपडे खरे मानले. माझ्या डोक्यावरच्या कापडाचा मान राखायला तो स्वतःचं गाठोडं बांधून निघाला होता.

"मी सांगू का त्याला?" मावशींनी डोळे पुसत विचारलं.

"नको, मीच सांगते."

"ऐकेल होय? तुला बघितलं की तोंड फिरवेल."

"मग तोंड फिरवायच्या आत कळेल असं काहीतरी करते."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता "म्हटलं नव्हतं?" सुरू होणार. झालंच. पण बोलता बोलता आईनं लाल मखमल काढली, स्वतःच्या जुन्या कोटाची कोल्ह्याची किनार उसवली आणि माझ्या मांडीवर टाकली. आठवडाभर दवाखान्यातून आले की मी टोपी शिवत होते. ज्या मुलींच्या टोपीला मी नाकं मुरडायचे, तीच! शनिवारी सकाळी आईनं कपाटातून एक पुडी आणली. त्यात घुबडाची पिसं होती, मऊ, ठिपक्यांची.

"तुझ्या पाळण्याला बांधलेली. दृष्ट लागू नये म्हणून. टोपीला लाव."

आता उरल्या वेण्या. कुमारिकेच्या खूप बारीक बारीक वेण्या असतात, लांबसडक. आणि माझे केस? मानेपर्यंत कापलेले, टोकं लाल रंगवलेली. आईनं हिंमत सोडली नाही. एवढ्याएवढ्याशा वेण्या घातल्या, त्या चहूकडून उंदराच्या शेपट्यांसारख्या उभ्या राहिल्या.

"हसेल गं तो, आई."

"हसू दे. बघेल तरी."

मावशींना विचारून त्याच्या नव्या मार्गावरच्या स्टॉपवर मी उभी राहिले. बस आली. दार उघडलं, मी पायरीवर चढले आणि तिथंच थांबले. त्यानं मला ओळखलं. अन् तत्क्षणी मान खाली.

"वहिनी... तुम्ही इथं यायला नको होतं."

"वर बघ."

"नको..."

"कुबात, वर बघ म्हणतेय ना! माझ्या डोक्याकडे बघ."

मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं. त्यानं हळूहळू मान वर केली. आधी टोपी दिसली असणार त्याला, मग पिसं. मग त्या वेण्या — एक, दुसरी, तिसरी. त्याचे ओठ हलत होते.

"मोजू नकोस," मी म्हटलं. "आखूड आहेत. केस वाढतील."

"म्हणजे तुम्ही..."

"मी कुणाचीच वहिनी नाही."

"मग डोंगरातले दादा?"

"दीडशे वर्षांपूर्वी गेलेत. अजून परत आले नाहीत."

"आणि बाळ?"

"पाळणा रिकामा आहे. ही पिसं त्याच पाळण्याची. माझ्या." मी पर्समधून ते लाल हाड काढून त्याच्यासमोर धरलं. "हे तुझं. परत घे. नाहीतर... ठेवून दे जपून. लागेल कधीतरी."

त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं, चिडला. पण त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता आणि डोळेही पुसत होता.

"केवढ्या शिव्या घातल्या मी स्वतःला! रोज ठरवायचो, शनिवारी तुमच्याकडे बघायचंच नाही. आणि शुक्रवारपासूनच..."

"शुक्रवारपासूनच काय?"

"आवडतेस तू मला, बेगिमाय. खूप."

हे नाव त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे. मावशींनीच असणार.

"अरे, चालव की!" मागून एक म्हातारी ओरडली. "मला डॉक्टरकडे जायचंय!"

"थांबा आजी, थोडं बघू द्या," कुबात म्हणाला. "मी आजवर नीट बघितलंच नव्हतं."

त्या रविवारी तो नारिनला गेला नाही. पुढच्या रविवारीही नाही. शेवटी वसंतात गेला, तेव्हा मला घेऊनच.

आता बिश्केकमध्ये ट्रॉलीबस नाहीत. ताराही उतरवल्या. रस्त्यांवरचं आभाळ मोकळं दिसतं, आणि मला ते चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. कुबात दुसरी बस चालवतो; तिच्या दांड्या कशा निसटणार, तिला दांड्याच नाहीत. आमची लेक त्या लाल हाडानं खेळते आणि ते पलंगाखाली हरवते. मी अजून शनिवारी एलेचेक बांधून बाजारात जाते. लोक अजून हसतात. कधी भांडले कुबातशी, तर म्हणते, त्या पहिल्या दिवशी जरा वळून बघितलं असतंस तर हे लाल टोकांचे आखूड केस दिसले असते, एवढे महिने वाया गेले नसते! तो म्हणतो, "बघायचं नसतं." आणि मी भांडण सोडून देते. कारण मला माहीत आहे, त्यानं बघितलं असतं, तर दुसऱ्या शनिवारी मी ती बस धरलीच नसती.

नारिनला, त्याच्या घरी, लग्नाच्या दिवशी त्याच्या आजीनं स्वतःच्या हातानं मला एलेचेक बांधलं. खरंखुरं, हक्काचं. बायका आशीर्वाद देत होत्या, खिडकीबाहेर बर्फ वितळून थेंब टपटपत होते. आजीनं टोक धरायला लहानपणीसारखी कुबातला हाक मारली. तो आला, टोक हातात घेतलं... आणि सवयीनं माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. कान लालबुंद!

आजीचे हात थांबले.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "वळ आता. तुझीच आहे."