आतली फिरकी

शनिवारी दुपारी एकच्या सुमारास मारेन ओल्बोर्गच्या त्या मोठ्या बाजारसंकुलात पोचली, तेव्हा नाताळच्या खरेदीला निम्मं गाव तिथे लोटलेलं होतं. काम साधं होतं. तळमजल्यावर बाळांना पाजायची, त्यांचे लंगोट बदलायची एक खोली होती, तिचं कुलूप बदलायचं. फार तर अर्ध्या तासाचं काम.

बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. नवऱ्याची, येप्पेची, बेकरीतली पाळी तीनला संपायची, म्हणून दहा महिन्यांची आस्टा आज तिच्याबरोबर होती. मागच्या अंगणात छपराखाली तीन बाबागाड्या आधीच ओळीने उभ्या होत्या. तिकडच्या रीतीप्रमाणे थंडीत, जाड दुलयांत बाळं गाढ झोपलेली. मारेनने आपली गाडी चौथी लावली. दुलई खोचत असतानाच संकुलातल्या प्रेबेनचा फोन आला. बोलत बोलतच तिने बाळाचा आवाज ऐकवणारी डबी डगल्याच्या खिशात टाकली आणि ती आत गेली.

अंगणाच्या दारापाशी ती दोनदा मागे वळली. हे तिचं नेहमीचंच होतं. रात्री झोपण्याआधी ती घराचं दार सात वेळा बघायची. कुलपाची आतली फिरकी दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. कुलपं बसवून पोट भरणाऱ्या बाईचाच कुलपावर भरवसा नाही हे गिऱ्हाइकांना कळलं तर धंदाच बसेल, असं ती स्वतःच म्हणायची. शेवटी येप्पे अंथरुणातून म्हणायचा, "बंद आहे, मारेन. बघितलंय मी." मग कुठे तिला झोप लागायची.

प्रेबेन हा संकुलाची देखभाल बघणारा, साठी उलटलेला माणूस. खोलीच्या दाराशी तो वाटच बघत होता.

"आलीस का पोरी? मला वाटलं, आता घरी बसून विणकाम करशील."

"केलं की. टोपी विणली. उकडलेल्या अंड्याला बसेल अशी झाली."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "हे बघ, हे आतून लागतं. आत कोणी नसताना. बाहेर रांग लागते, आणि सगळ्या माझ्याकडे असं बघतात जसा काही मीच आत बसलोय. बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवावं लागतं. उघडलं की खोली रिकामी."

"कुलपाची जीभ सैल झाली असेल. दार आपटलं की सरकत असेल."

"मागचा कारागीर हेच म्हणाला. त्याच्या आधीचाही."

त्याने कॉफीचा एक जुना डबा पुढे केला. आत पाच फिरक्या होत्या, दार आतून लावायला अंगठ्याने फिरवतात त्या. पाचही एकाच जागी झिजलेल्या. पोलादात अंगठ्याएवढा खळगा, जुन्या देवळाच्या पायरीला पडतो तसा.

"या किती वर्षांच्या?"

"ही वरची ना? सप्टेंबरातली," प्रेबेन म्हणाला, आणि त्याने डब्याचं झाकण लावलं.

मारेनने जुनं कुलूप उतरवलं. खोलीत कोमट, किंचित आंबलेल्या दुधाचा वास होता, त्यात ओल्या लोकरीचा. अशा खोलीत दुसरा कसला वास असणार, असं म्हणून तिने ते मनातून काढून टाकलं. नवं कुलूप चपखल बसलं. आता तपासणी.

तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती: कुलूप तपासायचं ते दार उघडं ठेवून. जीभ बाहेर काढायची, आत घ्यायची, दहा वेळा. मगच दार लावायचं. बारा वर्षांत तिने हा नियम मोडला नव्हता. पण बाहेर रडकी पोरं घेऊन चौघीजणी उभ्या होत्या, आणि त्यांतली एक पुटपुटली, "बाईला जमतंय का पण?" मारेनचे कान तापले. तिने दार ओढून घेतलं आणि फिरकी फिरवली.

टिक.

परत फिरवली. फिरेना.

हत्यारांची पेटी बाहेर उंबऱ्यापाशी. फोन पेटीत. खिशातली डबी खरखरली, आणि आस्टाने झोपेतून उठताना काढते तसा छोटा आवाज काढला. त्याच क्षणी मारेनला आठवलं. दुलई खोचली, फोन वाजला... आणि पट्टा? पट्टा लावल्याचा आवाज तिला आठवेना. आस्टा आता कशालाही धरून उभी राहायची. खाली अंगणातली दगडी फरशी.

"प्रेबेन, उघड."

बाहेरून खाचेत नाणं घासलं. "सोड ना आतून," तो म्हणाला.

"मी धरलेलं नाही..."

"धरलंयस. मी फिरवतोय आणि कोणीतरी उलटं फिरवतंय."

मारेनचे दोन्ही हात छातीशी होते.

"थांब, ड्रिल आणतो. या बायांना वरच्या मजल्यावरच्या खोलीकडे धाडतो."

"आधी अंगणात जा. प्रेबेन, आस्टाचा पट्टा..."

पण त्याची पावलं गर्दीत विरून गेली होती. लाऊडस्पीकरवर नाताळची गाणी चालली होती. तिने दारावर मुठी आपटल्या. कोणी थांबलं नाही. खिशात आस्टा रडायला लागली. मग गाडीची स्प्रिंग करकरली, जशी ती उभी राहताना करकरायची.

आणि रडणं एकदम थांबलं.

दुधाचा वास आता अगदी जवळून येत होता, तिच्या खांद्याशी कोणी उभं असावं इतका. मारेन फिरकीकडे बघत राहिली. फिरकी हलत होती. केसभर. बंद बाजूला दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. दाबायची, थांबायची.

ही चाल तिच्या ओळखीची होती. ही तिची स्वतःची होती.

ती फिरकीपाशी वाकली. मग ती हळूच म्हणाली, "बंद आहे."

फिरकी थांबली.

"बघितलंय मी. नीट बंद आहे... कोणी येत नाही आत. आता मला माझ्या बाळाकडे जाऊ दे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोणीतरी मनाविरुद्ध ऐकावं तशी फिरकी सावकाश उलटी फिरली.

मारेन लोकांना ढकलत अंगणात धावली. गाडीत आस्टा बसलेली होती, गाल लाल, शांत. दोन्ही खांद्यांवर पट्टे, मधलं बक्कल लावलेलं. पट्ट्याचं लोंबतं टोक चापून आत खोचलेलं. मारेन कधी तसं खोचत नसे. अंगणात मोठं माणूस कोणी नव्हतं.

आस्टाला कडेवर घेऊन ती परत आली, तेव्हा प्रेबेन उघड्या दारापाशी ड्रिल हातात धरून नुसता उभा होता. त्याने बोटाने दाखवलं. तासाभरापूर्वी खोक्यातून काढलेली नवी फिरकी. तिच्यावर अंगठ्याएवढा खळगा. मारेनने न राहवून त्यात अंगठा ठेवला. अगदी मापाचा होता.

"कोणाला अडवत असेल गं ती, आतली?" प्रेबेन हलक्या आवाजात म्हणाला.

मारेनने आस्टाला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिने पेटी उचलली.

संध्याकाळी पाचलाच बाहेर मिट्ट काळोख झाला होता. मारेन घरी आतल्या खोलीत पलंगावर आस्टाला पाजत होती. आल्यावर घराचं दार तिने एकदाच बघितलं होतं. पुन्हा बघायला उठायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि नवल म्हणजे उठावंसं वाटतही नव्हतं.

स्वयंपाकघरात येप्पे बटाटे सोलत होता. त्याला लागूनच बाहेरच्या दाराचा बोळ होता.

"बंद आहे, मारेन," बोळाकडे न बघताच तो वैतागून म्हणाला. "बघितलंय मी. किती वेळा बघशील?"

बोळातून आवाज आला. टिक. थोडं थांबून, टिक.

आस्टाने दूध सोडलं आणि मान वळवून ती दाराच्या दिशेने ऐकत राहिली.