घोड्याच्या पाठीवरचे चामडे

चार वाजता आपल्या क्लबातल्या कामगार मधूविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची आणि त्याचा व्हिसा रद्द करायचा, हे मैमुनाबी मुकादमांनी ठरवून टाकले होते. खैरुद्दीन परकार शारजातल्या अल नहदा भागात मैमुनाबींच्या जिम्नॅस्टिक्स क्लबात पोचले, तेव्हा अडीच वाजले होते.

"दीड तास आहे," खैरुद्दीनांचा मदतनीस किसन म्हणाला. दुबईतल्या करामाहून गाडी त्यानेच आणली होती आणि वाटेतल्या गर्दीने त्याचा चेहरा आंबला होता.

"पुरे आहे. आधी मला खुर्ची दे, किसनराव."

सत्तावीस वर्षे विम्याचे सर्वेक्षक म्हणून जळकी गोदामे आणि भिजलेला माल पाहून झाल्यावर खैरुद्दीन आता खासगी चौकशा करीत. माणसांच्या जबान्यांपेक्षा मोडक्या वस्तूंशी त्यांचे अधिक जमे.

दालनाच्या मध्यभागी उड्या मारायचा घोडा उभा होता: चार लोखंडी पाय आणि त्यांवर चामड्याने मढवलेले, माणसाच्या उंचीइतके लांब धड. शंभर वर्षांपूर्वी एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांनी याच घोड्यावरून उड्या मारल्या, असे त्याच्या कागदपत्रांत लिहिले होते. मैमुनाबींनी तो आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ आणला होता.

आता त्याच्या पाठीच्या बरोबर मधोमध हातभर लांबीचे चामडे कापलेले होते. आतले केसांचे भरण जागचे हलले नव्हते. कापलेला तुकडा कुठेच नव्हता. खाली चामडे कापायची सुरी पडली होती.

"सुरी मधूची," मैमुनाबी म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंचा आवाज हुकूम देण्यासाठीच घडलेला होता. "तो इथल्या गाद्या शिवतो. परवा त्याची सुट्टी नाकारली, म्हणून त्यानं सूड उगवला. पुढच्या महिन्यात युरोपातून एक जुने पंच हा घोडा तपासायला येणार आहेत. आता त्यांना काय दाखवू?"

"सकाळी इथे कोण कोण आलं, आपा?"

"तिघं. मधू, आमच्या प्रशिक्षिका रंजिता आणि मॅनेजर विघ्नेश. तिघांकडे किल्ल्या आहेत. दारावरच्या कॅमेऱ्यात आठच्या आत तिघंही दिसतात, पण आत कॅमेरा नाही."

"मधूकडे तुकडा सापडला?"

"खोलीवर माणसं पाठवून त्याची पेटी उघडून पाहिली. नाही सापडला. फेकला असेल."

खैरुद्दीनांनी खुर्ची घोड्याजवळ ओढली आणि दोन्ही टोकांवरून तळवा फिरवला. टोकांचे चामडे गुळगुळीत होते, चकाकत होते. मग त्यांनी रंजिताला बोलावले.

रंजिताच्या हातांवर खडूची पूड तशीच होती. "घोडा मोडला ते बरंच झालं, असं मी म्हटलं तर मॅडम मला काढतील," ती म्हणाली. "पण माझी मुलं पुढच्या महिन्यात या म्हाताऱ्या सांगाड्यावरून उड्या मारणार होती. मी नको म्हणून थकले."

"त्या काळी उडी कशी मारत?"

"पुरुषांसाठी घोडा लांबीत उभा. धावत यायचं, फळीवरून उसळायचं आणि हात या टोकाला नाहीतर त्या टोकाला टेकायचे. मधे टेकले की गुण कापले. बायकांसाठी हाच घोडा आडवा लावत, मग हात मधे." तिने घड्याळ पाहिले. "झालं का? मुली वाट बघतायत."

"ही मोकळेपणानं बोलते. मला तिचाच संशय येतो," ती गेल्यावर किसन कुजबुजला.

"तुला मोकळेपणानं बोलणाऱ्या प्रत्येकाचा संशय येतो. म्हणून तुझं लग्न उशिरा झालं."

मधू संगमेश्वरकडचा, चाळिशीचा. उभा राहिला तो भिंतीला पाठ लावून.

"सुरी तुझी?"

"माझीच, साहेब. हत्यारांची पेटी इथंच उघडी असते. कोणीपण घेईल."

"हा घोडा तुला उघडायचा असता, तर कसा उघडला असतास?"

प्रश्न ऐकून मधू जरा भिंतीपासून सुटला. "खालून. पोटाला बारीक खिळे ठोकलेत, ते उपटायचे. वरून कोण कापेल? एवढं जुनं चामडं परत मिळतं होय?"

"त्याला तेल कधी लावलं होतंस?"

"गेल्या आठवड्यात. मधे लावलं की प्यायचं, परत लावलं की परत प्यायचं. इतकं झिजलेलं. टोकांना काय लागेचना, पुसून निघालं." तो थांबला. "साहेब, खोलीत आठ जणं राहतो आम्ही. सगळ्यांसमोर माझी पेटी उलटी केली. घरी पाठवायचं तर पाठवा, पण चोर म्हणून नका पाठवू."

शेवटी विघ्नेश आला. हातात दोन फोन, डोळ्यांखाली काळी वर्तुळे.

"सर, जरा लवकर आटपूया का? सहाची फ्लाइट आहे, एअरपोर्टला जायचंय. पंच येतायत ना."

"ते पुढच्या महिन्यात येणार होते."

"प्रोग्रॅम बदलला त्यांचा. काल दुपारी मेल आला. आज मॅडमना सांगणार होतो, तर हे सगळं झालं."

"घोडा तुम्हीच शोधलात?"

"हो, ऑक्शनच्या कॅटलॉगमध्ये. पेपर्स सगळे क्लिअर आहेत. बाकी जिम्नॅस्टिक्समधलं मला काही कळत नाही, मी ॲडमिनचा माणूस."

साडेतीन वाजता खैरुद्दीनांनी सर्वांना दालनात बोलावले. बोलताना ते उठले नाहीत.

"आपा, सूड घेणारा माणूस दिसेल तिथे वार करतो. इथे एकच तुकडा नीट कापून नेला आहे. आत काही शोधायचं असतं, तर भरण उपसलं असतं. उड्या थांबवायच्या असत्या, तर रंजिताबाईंना पायाची एक खीळ काढणं पुरेसं होतं. म्हणजे कोणाला तरी तो तुकडाच नको होता. त्या तुकड्यावर काय होतं?"

"काय होतं?" किसनने विचारले.

"झीज. मधू सांगतो, मधलं चामडं झिजून तेल पीत होतं आणि टोकं कोरी होती. टोकं मी हातानं पाहिली. रंजिताबाई सांगतात, पुरुषांचे हात टोकांना पडत, मधे टेकले की गुण जात. आता हिशेब मांडा. मधे झिजलेला आणि टोकांना कोरा घोडा कोणाचा?"

रंजिता सावकाश म्हणाली, "आडवा लावलेला. मुलींच्या एखाद्या शाळेतला."

"घोडा जुना आहे, पण त्या स्पर्धेतला नाही. मधूला चामडं ठाऊक होतं, नियम नव्हता. रंजिताबाईंना नियम ठाऊक होता, पण तेल लावताना चामड्यानं काय सांगितलं ते त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकत्र कळल्या त्या एकाच माणसाला, आणि पंच आजच येणार हेही काल त्यालाच कळलं. तपासायला येणारा माणूस काय पाहणार ते आधी कळवतो, मीही कळवत असे. विघ्नेश, तो मेल आपांना वाचून दाखवा."

विघ्नेशने फोन वर केला, खाली घेतला.

"वाच," मैमुनाबी म्हणाल्या.

त्याने वाचले. पंचांनी लिहिले होते की कागदांपेक्षा ते आधी घोड्याची पाठ पाहतील; पुरुषांच्या घोड्याची टोके झिजलेली असतात, मधला भाग नव्हे; तरी कृपया चामड्याला कोणी हात लावू नये.

"काल वाचलं आणि येऊन बघितलं," विघ्नेश म्हणाला. "मी फसलो होतो, मॅडम. तुमच्या नवऱ्याच्या नावाचा घोडा. तुम्ही मला ठेवलं नसतं. दोन मुलं इथल्या शाळेत आहेत, व्हिसा तुमच्यावर. वाटलं, नुकसान झालं की तपासणीच टळेल. तुकडा गाडीत आहे. फेकवेना."

"आणि मधू?" खैरुद्दीनांनी विचारले.

"त्याचं नाव मी घेतलं नाही."

"सुरी त्याची घेतलीस," मैमुनाबी म्हणाल्या, "आणि मी त्याचं नाव घेतलं तेव्हा गप्प बसलास. कॅटलॉगनं फसवलं हे सांगितलं असतंस, तर मी रागावले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. उद्यापासून येऊ नकोस. पोलिसांत मी जाणार नाही. दुसरी नोकरी मिळेपर्यंत व्हिसा राहील, मुलांची शाळा सुटायला नको. पंचांना आणायला मीच माणूस पाठवते, आणि खरं काय ते मीच सांगेन."

मग त्या मधूकडे वळल्या. "झालं ते झालं. तुला महिन्याची सुट्टी. तिकीट माझं."

मधूने मान हलवली, पण तो जागचा हलला नाही. "सुट्टी द्या, बाईसाहेब. पण खोलीतल्या माणसांना कोण सांगणार?"

"मी फोन करतो," किसन म्हणाला.

"फोननं पेटी उघडली नव्हती, दादा."

मैमुनाबींनी काठी घेतली.

"कितवा मजला?"

"तिसरा. लिफ्ट बंद आहे."

दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत मधू राहत होता त्या इमारतीचा जिना अरुंद होता आणि भिंतींना कालच्या फोडणीचा वास होता. मैमुनाबी प्रत्येक वळणावर थांबत होत्या. किसनने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मागून खैरुद्दीन चढत होते. त्यांचेही गुडघे बोलत होते.

खोलीत पाच जण होते. एक कांदा चिरत होता, बाकीचे खाटांवर. म्हातारी दारात पाहून सगळे उभे राहिले.

"मी मैमुना मुकादम," त्या म्हणाल्या. दम लागला होता, तरी शब्द तुटत नव्हते. "आज सकाळी माझ्या हुकमावरून या मधूची पेटी तुमच्यासमोर उघडली. त्यात काही नव्हतं. त्यानं काही केलंही नव्हतं. चूक माझी. हे तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," कांदा चिरणारा म्हणाला.

मधू दाराबाहेरच उभा होता. आता तो आत आला, खालच्या खाटेवरची चादर त्याने हाताने सारखी केली आणि म्हणाला, "बसा, बाईसाहेब. लगेच कुठं उतरताय."

मैमुनाबी बसल्या.