तिसरी मध्यगा

ज्या वर्षी संभ्रम हा रोग असल्याचे तज्ज्ञांना उमगले, त्याच वर्षी राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या कपाळावर भालपट्टी आली. ती मऊ पट्टी मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपून मुलाचा संभ्रमांक काचेच्या पाटीला कळवी. आकडा चाळिसावर गेला की पट्टी पिवळी होई, पाटी तोच मुद्दा रंगांत, सुरांत, हलत्या आकृत्यांत पुन्हा समजावून सांगे आणि नव्वद सेकंदांत मूल शांत होई. गणिताला घाबरणारी पिढी नाहीशी झाली, असे अहवालात लिहिले होते, आणि ते खोटे नव्हते. सिद्धता तेवढी अभ्यासक्रमातून वगळावी लागली. तिच्यामुळे आकडा हमखास वाढे.

मेहकरजवळच्या एका माध्यमिक शाळेतील नववीच्या आफ्रीन पिंजारीचा संभ्रमांक एकोणीस दिवस खाली आला नव्हता. विस्तार अधिकारी घोरमाडे त्यासाठीच आले होते. त्यांनी आणलेल्या अर्जानुसार तिचे गणित बंद होऊन त्या जागी 'व्यवहारोपयोगी आकडेमोड' सुरू होणार होती. तेथून विज्ञानाकडे जाणारी वाट नव्हती. पालकांची संमती मिळाली होती. मुलीला त्रास होऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. गणिताच्या शिक्षिका वैदेही खडतकर यांची सही तेवढी उरली होती.

घोरमाडे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी आफ्रीनला शेजारी बसवले आणि पाटीवरील त्रिकोणाचा एक कोपरा बोटाने ओढून दाखवला. त्रिकोण कसाही ताणला, तरी प्रत्येक कोपऱ्यातून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत गेलेल्या तिन्ही रेषा, म्हणजे मध्यगा, आत एकाच बिंदूत भेटत होत्या.

"दिसतंय ना, बाळा? मग अडलंय कुठे?"

"दिसतंय, सर. दोन रेषा कुठेतरी भेटणारच. पण तिसरीला काय पडलंय तिथूनच जायचं?"

"एक कोटी त्रिकोण तपासलेत पाटीनं. आणखी किती हवेत तुला?"

"एवढे कशाला, सर? एकच चालेल. पण कारण सांगा."

घोरमाडे हसले आणि अर्जाच्या पाठीवर पेनाने त्रिकोण काढू लागले. त्यांच्या तीन रेषांनी मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा आणखी एक त्रिकोण केला. पेन जाड असल्याचे त्यांनी सांगितले. दुसऱ्या आकृतीत तो हरभऱ्याएवढा झाला. मग त्यांनी शिक्षिकेकडे पाहिले.

विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळवलेल्या वैदेहीबाई सिद्धता वगळल्यानंतरच्या पहिल्या तुकडीतील होत्या. तो बिंदू मध्यगेचे दोनास एक असे भाग करतो, हे त्यांना पाठ होते. का करतो, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. अधिक लाजिरवाणी गोष्ट ही, की त्यांनीही कोणाला विचारले नव्हते. शिक्षकांनाही पट्टी सक्तीची होती. त्यांची पट्टी पिवळी झाली.

पाटीने तत्परतेने मदत केली. तिने एक कोटी एकावा त्रिकोण दाखवला, या खेपेस जांभळा.

घोरमाडे आवाज खाली आणून म्हणाले, "सही करा, मॅडम. पंधरा मिनिटं पिवळी राहिली तर शिकवणं बंद होतं, ठाऊक आहे ना? एका पोरीपायी नोकरी घालवता का?"

वैदेहीबाईंनी अर्ज पुढ्यात ओढला. सहीची बाजू खाली ठेवून त्या साहेबांच्या चुकलेल्या आकृतीकडे बघत राहिल्या.

"आफ्रीन," त्या म्हणाल्या, "तिसरी मध्यगा काढूच नकोस. दोन काढ. त्या भेटतील तिथून तिसऱ्या कोपऱ्याची रेषा ओढ. ती समोरच्या बाजूला कुठे कापते, ते आपण शोधू."

"मधोमध कापेल, बाई."

"कशावरून?"

"तेच तर माहीत नाही."

"मलाही नाही. काढ."

घोरमाडे यांनी घड्याळ पाहिले, नियमाचा क्रमांक सांगितला, आपली वाढत चाललेली जबाबदारी सांगितली. अखेर खुर्ची पुढे सरकवून, क्षेत्रफळांचा काही उपयोग होईल का, असे त्यांनी चाचरत विचारले. तोवर त्यांचीही पट्टी पिवळी झाली होती.

अकरा मिनिटे उलटली. खोलीत तीन बाधित व्यक्ती असून वरिष्ठांना कळवण्यास चार मिनिटे उरल्याचे पाटीने अत्यंत मधुर आवाजात सांगितले. कोणी मान वर केली नाही. त्या चार मिनिटांत कारण सापडलेच, तर ते वर्गात सांगण्यासाठी या तिघांपैकी कोण उरणार होते?