न घेतलेलं नाव

राळेगावकडच्या तांड्यात शीला आणि शाम या नवराबायकोचं नाल्यालगतचं दोन एकर वावर गेली काही वर्षं मोकळं सोडलेलं होतं. ऊन वाढलंय, पावसाचा भरवसा राहिला नाही. जमिनीला तिचं रान परत उगवू द्या, ओल धरेल, असं एका संस्थेचा अंकुर सांगून गेला आणि शामनं मनावर घेतलं. ना नांगर, ना फवारणी. तांडा हसला. पण पळस, बोरी, साग आपसूक वर आले, विहिरीला वैशाखातही पाणी राहिलं, आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. शाम रोज सकाळी रान बघायला जायचाच.

मग तिथं भीमराज आला. काळा पक्षी, शेपटीला दोन लांब पिसं, आणि नकला करण्यात महाबेरकी. बकरी, एसटीचा हॉर्न, मोबाईलची रिंग, सगळं हुबेहूब. शीलाला भारी मौज वाटायची.

"त्याचं सोताचं काई नसते, वहिनी," अंकुर म्हणाला होता. "आयकलं तेच बोलते."

एका सकाळी ती रानात काड्या वेचत होती. पळसावरून बाईचा रडवेला आवाज आला.

"शाम, उठ ना रे."

भीमराजच होता, पण आवाज शीलाचा. तिच्या हातातल्या काड्या गळून पडल्या. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तांड्यातल्या तिच्या वयाच्या बायका घेतच नाहीत. मग या मेल्यानं ऐकलं कुठं?

ती धावत घरी आली. शाम रानाकडं निघालाच होता. तिनं दार अडवलं.

"आज जाऊ नका."

"काहून?"

"मले भेव लागून राह्यलं."

तो हसला, पण थांबला. दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून त्याच्यापाशी राहिली. घरात ना साप, ना वाघ. दुपारी पोटभर जेवून तो अंगणातल्या बाजेवर आडवा झाला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

उन्हं कलल्यावर ती चहा घेऊन आली.

"अवो, उठा."

तो उठला नाही. तिनं हात धरला. हात गार होता.

तिनं त्याला गदागदा हलवलं. सकाळपासून जे बोलायचं नाही म्हणून दात आवळले होते, ते तोंडातून निघालंच.

"शाम, उठ ना रे."

बाजेवर काही हललं नाही.

नाल्याकडच्या रानातून शामनं ओ दिली.