मोगऱ्याचा ताण

माघातले ऊन परसात उतरले, तशी हेमांगीच्या कमरेला खोचलेल्या फोनने तोंड उघडले. "टोमॅटोच्या वाफ्याला दुपारी तहान लागणार आहे. पाणी आत्ताच दिलं आहे."

"दिलंस ना? मग सांगतोस कशाला?" हेमांगी म्हणाली आणि पुन्हा खराट्याला लागली.

जंगली बदामाने लाल पाने टाकायला सुरुवात केली होती. ती गोळा करून वाफ्यांवर पसरायची, कुंड्यांतली माती उकरून मोकळी करायची, दुधी-दोडक्याच्या बिया भिजत घालायच्या, टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावून बांधायचे, ही सगळी थंडी सरतानाची कामे. पाणी घालणे मात्र तिच्या हातातून गेले होते. कराडमधल्या त्यांच्या सोसायटीत घरोघरच्या बागांना 'समतोल' बसवला, तेव्हापासून झारी शेडमध्ये उलटी पडून होती.

समतोल म्हणजे मातीत खोचलेली एक सुई. झाड मान टाकते त्याच्या कितीतरी आधी त्याच्या मुळांतून विजेची बारीक थरथर जाते. सुई ती टिपते आणि तहान लागायच्या आत ठिबकची नळी उघडते. कल्पना साधी होती आणि गुण लगेच आला. भर वैशाखातही कोणाच्या बागेतले पान कोमेजेना. हेमांगीची तक्रार एकच होती, आणि फुकट मिळालेल्या गायीचे दात कोण मोजतो म्हणून ती कोणाजवळ बोलत नसे. सुया बसल्यापासून तिच्या मोगऱ्याला फूल आले नव्हते. झाड कसे माजले होते, नुसता पानांचा डोंगर. पण कळी औषधालाही नाही.

"आई, टोमॅटो बांधायचे राहिलेत ना?" मागच्या दारातून शर्वरी आली. "हे बघ, पट्ट्या करून आणल्यात."

तिच्या हातावर निळ्या चौकड्यांच्या कापडाच्या पट्ट्या लोंबत होत्या. एकीला अर्धा खिसा शिल्लक होता आणि खिशाला उदबत्तीने पडलेले भोक. हेमांगीच्या हातातला खराटा थांबला. गुढी उभारताना ते भोक पडले होते. 'नवा शर्ट, नवं वर्ष आणि नवं भोक,' म्हणून जावई मोठ्याने हसला होता.

"शरू, हा मल्हारचा शर्ट ना गं?"

"हो. जुना सुती आहे, मऊ पडलाय. नायलॉनच्या दोरीने खोड कापतं, तूच सांगतेस की."

ती वाफ्याशी उकिडवी बसली आणि आईने शिकवली होती तशी, खोडाला जागा ठेवून सैल गाठ मारू लागली. वाकल्यावर तिच्या मानेखालची चकती दिसली. त्वचेच्याच रंगाची, मध्ये हिरवा ठिपका. तोही समतोलच होता. झाडांवर जमले ते माणसांवर का जमू नये, असे कोणाला तरी वाटले आणि जमलेही. ही चकती घामातली रसायने वाचते आणि मनाला ताण जाणवायच्या आत औषधाचा सूक्ष्म थेंब त्वचेतून आत सोडते.

मल्हार गेला तो ऑफिसातल्या खुर्चीत बसल्याबसल्या. मेंदूतली शीर फुटली आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाही उसंत मिळाली नाही. तेव्हा शर्वरीने अन्न सोडले, बोलणे सोडले, आणि एका संध्याकाळी ती हेमांगीला गच्चीच्या कठड्यावर बसलेली सापडली, पाय बाहेर सोडून. दुसऱ्याच दिवशी हेमांगी तिला डॉक्टर नसरीन मुजावरांकडे घेऊन गेली. चकती लावताना डॉक्टरांनी बजावले होते, "ही कुबडी आहे, पाय नाही. थोडी सावरली की काढायला या." शर्वरी सावरली, जेवू लागली, घरूनच नोकरीचे काम करू लागली, रात्री शांत झोपू लागली. पण काढायला दोघी गेल्या नाहीत. दुधाने तोंड पोळलेली हेमांगी ताकही फुंकून पीत होती. गच्चीच्या दाराला तिने लावलेले कुलूप अजून तसेच होते.

ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात. इथे जळतच नव्हते. लेकीने नवऱ्याचा शर्ट टराटरा फाडला आणि तिला काहीच वाटले नाही. कठड्यावर बसलेली शर्वरी पाहूनही हेमांगीला इतकी भीती वाटली नव्हती.

काहीतरी करायला हवे म्हणून ती मोगऱ्यापाशी गेली आणि त्याच्या बुंध्याशी खुपसलेली ठिबकची नळी तिने ओढून काढली. मग कात्री आणून फांद्या छाटल्या, हाताने पाने ओरबाडून काढली आणि खुरप्याने माती बाजूला करून मुळे उन्हाला उघडी केली. तिची सासू दर माघात हेच करायची. शेंड्यांवरची कोवळी पाने तेवढी तिने राहू दिली.

नळी निघाल्यामुळे समतोलला आता आपोआप पाणी देता येईना, विचारावे लागे. दुपारी फोन केकाटला. "मोगरा ताणात आहे. पाणी द्यायचं का?"

हेमांगीने 'नाही' दाबले. दुसऱ्या दुपारीही 'नाही'. शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. शर्वरी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली आणि झाडाकडे बघत उभी राहिली.

"मुद्दाम तहानेलं ठेवतेस त्याला?"

"ताण देतेय. लाडावलेलं झाड नुसती पानं काढत बसतं. जिवावर बेतलं की मग त्याला फुलायचं सुचतं."

"आणि मेलं तर?"

"म्हणून तर रोज बघायचं. दुपारी मान टाकली तर टाकू दे, उन्हात टाकतंच. रात्रीच्या गारव्यात ते उठतं. पण सकाळीही मान खालीच दिसली, तर मात्र थांबायचं नाही. लगेच पाणी."

शर्वरी पायरीवर बसली. हिशेब जुळत नसावा तसा तिचा चेहरा झाला होता.

"आई, मल्हारसाठी मी रडले का गं?"

हेमांगीला खोटे बोलता आले असते. "चकती लावल्यापासून नाही," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मला वाटतंच होतं. त्याचा फोटो बघितला की मला कळतं, हा मल्हार, माझा नवरा, तो गेला. भूगोलाच्या पुस्तकात वाचल्यासारखं कळतं. त्याचा आवाज आठवायला गेले तर आठवत नाही." तिने मानेखाली बोट नेले. "मी शर्ट फाडला तेव्हा तू बोलली का नाहीस?"

"भीती वाटली. बोलले, तर तू ही काढायला निघशील."

"निघालेच आहे," शर्वरी म्हणाली. तिच्या आवाजात धीर होता, पण तो तिचा की चकतीचा, हे हेमांगीला ओळखता येईना.

डॉक्टर मुजावरांनी दोघींना समोर बसवले. मात्रा एकदम तोडायची नाही, दवाखान्यातून रोज थोडी उतरवत नेऊ, मग चकती निघेल. शर्वरी बाहेर गेल्यावर त्यांनी विचारले, "हेमांगीताई, ती रडेल, चिडेल, तुम्हाला घालूनपाडून बोलेल. ते सगळं चालेल. पण कुठवर चालू द्यायचं, हे तुम्हाला कसं कळणार?"

"सकाळी बघेन," हेमांगी म्हणाली आणि आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे जाणवून ओशाळली. "म्हणजे, माझ्या मोगऱ्याचं तसं आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत. "तसंच बघा. खोल नैराश्य पुष्कळदा सकाळीच जास्त गडद असतं. संध्याकाळी रडणाऱ्या माणसाची मला तेवढी काळजी नसते. सकाळी उठून बसवेनासं झालं, तर मात्र मला लगेच फोन करा."

चकती निघाली. मानेखाली फिकट गोल राहिला. सुरुवातीला काहीच झाले नाही आणि हेमांगीला मनातून थोडे हायसेच वाटले. शर्वरीने दुधीच्या बिया टोकल्या, वाफ्यांवर बदामाची पाने पसरली. मग एका दुपारी, टोमॅटोची पिवळी पाने खुडताना, ती पट्टी तिच्या हाताशी आली. खिशाची. तिने भोकातून बोट घातले.

आधी तिने ती एकच गाठ सोडली. मग शेजारची, मग त्याच्या पुढची. गाठी सोडत ती वाफाभर गुडघ्यांवर सरकत गेली आणि तिच्या मागे टोमॅटोची रोपे एकेक करून मातीत आडवी होत गेली. घशातून निघणारा आवाज ओळखीचा नव्हता. "हसायचा गं तो! माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं तो कसा हसायचा! मी फाडला त्याचा शर्ट, तू मला फाडू दिलास!" हेमांगी जवळ गेली तर तिने हात झिडकारला. फोन एकसारखा ओरडत होता. टोमॅटो ताणात आहे. टोमॅटो ताणात आहे. हेमांगीने तो पाण्याच्या पिंपावर पालथा घातला, सुतळी आणली आणि पडलेले एकेक रोप उचलून बांधू लागली. लेकीला उचलता येत नव्हते. लहानपणी पडली की उचलून घेता यायचे, तसे आता येत नव्हते. पट्ट्यांचा बोळा छातीशी धरून शर्वरी मातीतच बसली होती. रडू थांबले तेव्हा उन्हे भिंतीवर गेली होती. "आई, हे रोज होणार?" तिने विचारले. हेमांगीने तिच्या तोंडाला लागलेली माती पदराने पुसली.

सकाळी हेमांगी उठली ती थेट परसात गेली. उजाडत होते. मोगऱ्यापुढे ती वाकली. नियम साधा होता आणि सासूच्या वेळेपासून कधी चुकला नव्हता. पण आज अर्धे शेंडे ताठ उभे होते आणि अर्ध्यांच्या माना अजून खाली होत्या. तिने एका शेंड्याखाली बोट धरले. तो पडलाही नाही, उठलाही नाही.

मागचे दार वाजले. शर्वरी आली होती. डोळे सुजलेले, केस तसेच, अंगावर कालचेच कपडे. पण ती स्वतःहून उठून आली होती. पायरीपर्यंत येऊन ती भिंतीला टेकली, जणू पुढच्या दोन पावलांचे बळ तिच्यात उरले नव्हते. मुठीत ती खिशाची पट्टी होती.

"मला एकदा वाटलं, चकती परत मागावी," ती म्हणाली. "आणि मग वाटलं, मल्हार पुन्हा जाईल." तिने मोगऱ्याकडे पाहिले. "कसं आहे?"

"कळत नाहीये," हेमांगी म्हणाली. लेकीच्या चेहऱ्यावरची नजर तिला काढता येईना. पिंपावर रात्रभर पालथा पडलेला फोन घरघरला. तिने तो सुलटा केला. तिने हाताशी असावा म्हणून लावून ठेवलेला डॉक्टरांचा नंबर वर होता आणि खाली रोजचाच प्रश्न, रोजच्याच हिरव्या अक्षरांत.

मोगरा ताणात आहे. पाणी द्यायचं का?