सँ-मेलवेनला अनवाणी

मेलेल्या माणसाला हाक मारली, तर त्याला ‘येत नाही’ म्हणता येतं का?

हे मी आमच्या पाद्रीबाबांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि झोप लागते का ते विचारलं. कबरी खणणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी फक्त खाली ठेवतो, पुढचं मला माहीत नाही. आईला विचारलं. तिनं नळ सोडला आणि बटाटे धुवायला घेतले. ते धुतलेलेच होते.

पोरांनो, उद्या इथे सँ-मेलवेनची जत्रा. टेबलं लावून झाली, बाकं लावून झाली, आणि तुम्हाला झोप येणार नाही हे मला दिसतंय. भुताची गोष्ट सांग म्हणता. मला एकच येते, आणि ती माझ्या भावाची, गुल्वेनची आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना गुल्वेननं ट्रॅक्टरवर बसवून फिरवलंय. तेव्हा मध्ये हसू नका.

मी खाणीतल्या पाण्यात उडी मारली होती ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. कोणी पैज लावली नव्हती. उगाच मारली, पोरी बघत होत्या म्हणून. डोकं दगडावर आपटलं आणि मी बरेच दिवस इस्पितळात डोळे मिटून पडलो. आई सांगते, एका रात्री गुल्वेन माझ्या खाटेशी उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘एदर्ननं डोळे उघडले तर मी सँ-मेलवेनला अनवाणी जाईन. रात्रीचा. एक शब्द न बोलता.’ नर्ससुद्धा ऐकत होती.

मी डोळे उघडले. आणि घरी आल्यावर त्याची थट्टा केली. आपल्याकडे दर दोन कोसांवर एका संताच्या नावाचं, ‘सँ’ लावलेलं गाव आहे, पण या मेलवेनला आपल्या तालुक्याबाहेर कुत्रं ओळखत नाही. रोममध्येही त्याचं नाव कुणी ऐकलं नसेल. मी म्हणायचो, ‘तुझा संत आहे तरी का बघ, उगाच पाय सोलायचास.’ तो हसायचा. गाई व्यायला झाल्या होत्या, मग गवत कापायचं होतं, मग मका आला. पुढच्या महिन्यात जातो, म्हणायचा. मार्चमध्ये उतारावर ट्रॅक्टर उलटला. तो खाली होता.

नवस राहिला.

तो राहिला की काय होतं ते तुम्हाला तुमच्या आज्यांनी सांगितलं असेल. मेलेला माणूस वाटेला लागू शकत नाही. आपल्यातलं कोणीतरी त्याला घेऊन जावं लागतं. आईचे गुडघे गेलेले. तिनं पूर्ण उन्हाळा मला काही म्हटलं नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी तिनं माझे बूट उचलून कपाटात ठेवले आणि कपाटाला किल्ली लावली. म्हणाली, ‘तूच जा. तुझ्यासाठी बोलला होता तो.’

गेल्या वर्षीचीच ही रात्र. सप्टेंबरातला तिसरा शनिवार. चंद्र नव्हता, वारा नव्हता.

आईनं सगळं समजावून दिलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. अंधार पडला की कबरस्तानात जायचं. दगडावर बोटांनी ठोकायचं, नाव घ्यायचं, चल म्हणायचं. त्यानंतर तोंडातून शब्द नाही. मागे बघायचं नाही. कडेचं गवत त्याला सोडायचं, आपण डांबरावरून चालायचं, कारण तोही अनवाणी. फाटक लागलं तर उघडून जरा जास्त वेळ धरून ठेवायचं. आणि प्रत्येक संताच्या गावात शिरताना त्याच्या नावाच्या पाटीला हात लावायचा, आम्ही दोघं तुझ्या हद्दीतून जातोय म्हणून. ‘दोघं’ हे तिनं दोनदा सांगितलं.

मी ठोकलं. ‘गुल्वेन, चल.’

काही झालं नाही. रातकिडे ओरडत होते. मी निघालो. कबरस्तानाचं लोखंडी फाटक धरून उभा राहिलो आणि मला स्वतःचंच हसू आलं. पण सोडलं तेव्हा ते लगेच मिटलं नाही. जरा थांबून मिटलं.

सँ-एफ्लेनची पाटी आली, हात लावला. तळपाय जळायला लागले होते. पण तुम्हाला खरं सांगू? मार्चनंतर पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. बाजूच्या गवतातून आवाज येत नव्हता, तरी आम्ही शाळेत जायचो तसं वाटत होतं, तो बाहेरच्या बाजूला आणि मी आत. मी एकदा गवताकडे जरा जास्तच सरकलो आणि पुन्हा आपलं आपण डांबरावर आलो. त्याला जागा हवी ना.

मग मागून गाडीचे दिवे आले.

तांगी चालवत होता, शेजारी ब्रिएक, तुम्ही ओळखता दोघांना. नाचावरून परत चालले होते. गाणी मोठ्यानं लावलेली, दोघांच्या हातात बियर. मला ओळखल्यावर गाडी माझ्या चालीनं चालवायला लागले. तांगीनं विचारलं, बूट विकून प्यायलास का. ब्रिएक म्हणाला, आईनं हाकलला असेल, बघ ना, तिनं बूटपण ठेवून घेतले. मी गप्प. मग ब्रिएकनं मोबाइलचा दिवा माझ्या पायांवर धरला आणि चित्रण करायला लागला. ‘बघा मंडळी, संत एदर्न. उद्या याच्या नावाचं गाव वसवू, पाटीवर बूट काढू.’

मी तरी गप्पच. तो दिवा माझ्या तोंडावर आला. तुम्हाला माहीत आहे सोमवारी ते चित्रण कुठे कुठे गेलं असतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. भावाला घेऊन चाललोय, हे कसं सांगणार? कोणत्या तोंडानं?

‘एकटाच भटकतोयस?’ तांगीनं विचारलं. या वेळी थट्टेनं नाही. साधंच.

‘हो,’ मी म्हणालो. ‘एकटाच आहे.’

मागचं दार उघडलं त्यानं. मी बसलो.

‘दार लाव की,’ तांगी म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दार धरून ठेवलं होतं.

ओढून घेतलं. लागलं.

आत ऊब होती. गादी मऊ होती. मला बाटली दिली, मी प्यायलो. ब्रिएकनं चित्रण पुसून टाकलं, म्हणाला, रडू नकोस रे, गंमत केली. मी रडत नव्हतो. मग त्यानं आपली रिकामी बाटली खिडकीतून मागे फेकली. कडेच्या दगडावर फुटली. आवाज लांब गेला.

मी अजून एक घोट घेतला.

सँ-कोनेकची पाटी खिडकीतून मागे गेली. हात लावायचा राहिला.

तांगी आरशात बघत होता. पुन्हा बघितलं. मग गाणी बंद केली.

‘मागे कोण आहे?’

‘कुठे?’ ब्रिएकनं विचारलं.

‘रस्त्यावर… काही नाही.’

गाडी वाढवली त्यानं. वळण गेलं. दुसरं वळण गेलं. दोन्ही बाजूंनी मका, त्यात दिव्यांचा उजेड फिरायचा आणि विझायचा. तांगीनं पुन्हा आरशात बघितलं. गिअर बदलला.

‘अजून आहे,’ तो म्हणाला.

ब्रिएक मागे वळला. बघितलं. पुन्हा पुढे तोंड करून बसला. पट्टा लावला.

मी मागे बघितलं नाही. बघायचं नव्हतंच. पण मला कळलं होतं. मी त्याला कबरीतून उठवलं होतं. हाक मारून. आणि अर्ध्या रस्त्यात सोडलं होतं. त्याला परत जायची वाट माहीत नाही. पुढं जायला माणूस नाही. आणि त्याच्या वाटेत काच होती.

‘थांबव,’ मी म्हणालो.

तांगी थांबेना. मी त्याच्या मानेला धरलं. तेव्हा थांबला, चौकातल्या दगडी क्रुसापाशी. मी उतरलो. दार लागायच्या आत गाडी गेली. तांगी आजही त्या रात्रीबद्दल बोलत नाही. विचारून बघा. विषय काढलात तर उठून जातो.

मग अंधार.

मी आलेल्या वाटेनं परत चालायला लागलो. सँ-कोनेकची पाटी ओलांडली. या वेळी हात लावला, पण ‘दोघं’ कसं म्हणू? एकदा वाटलं, तसंच सरळ घरी जावं. आईला सांगावं, झालं, पोहोचवला त्याला. तिला काय कळणार होतं.

काच सापडली. मोबाइलच्या उजेडात हिरवी चमकली. दगडापाशी, गवतात. नेमकी गवतात. मी गुडघ्यांवर बसलो आणि एक एक तुकडा वेचायला लागलो. शर्टाचा पुढचा भाग धरला आणि त्यात टाकत गेलो. लहान तुकडे दिसत नव्हते, ते बोटांनी चाचपले. बोटं कापली. मला त्याचं काही नव्हतं. आणखी कापावीत असं वाटत होतं.

मोबाइलची बॅटरी संपली.

काहीच दिसेना. मी तसाच चाचपत राहिलो.

मग ऐकू आलं.

लांबून. डांबरावर. अनवाणी पाय… ओल्या फरशीवर पडतात तसे. घाई नाही. थांबणं नाही. गवतातून नाही, डांबरावरून. माझ्या जागेवरून.

जवळ आले.

मी मान वर केली नाही. तुम्हाला वाटेल भीतीनं. भीती होती. पण मान वर झाली नाही ती लाजेनं. त्यानं मला बघितलं असतं तर… नुसतं ‘एदर्न’ म्हटलं असतं तर…

माझ्यापाशी आल्यावर पावलं जरा हळू झाली.

मी श्वास धरला.

मग पुढे गेली. सँ-मेलवेनच्या बाजूला.

मी काच उचलली आणि निघालो. फार मागे राहून. त्याच्याबरोबर चालायचा हक्क माझा संपला होता. चौकात क्रुसापाशी कचऱ्याचा डबा आहे, त्यात सगळे तुकडे टाकले. शर्ट झटकला. मग रात्रभर पुढे कोणीतरी आहे असं धरून चालत राहिलो. आवाज पुन्हा आला नाही. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. प्रत्येक शेताच्या फाटकाशी माझी पावलं अडखळत होती, पण उघडायचं काही नव्हतं, कारण फाटकं शेतांची होती आणि मी मोठ्या रस्त्यावर होतो.

सँ-मेलवेनच्या पाटीशी पोहोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. या इथल्या, देवळाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या अनाईग आजी, ज्या तुम्हाला मघाशी बाकं नीट लावा म्हणून ओरडल्या, त्या आपल्या दारात उभ्या होत्या. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. माझे पाय बघितले आणि आत बोलावलं. टेबलावर कॉफीचे दोन वाडगे होते. लोणी होतं, पाव कापलेला होता.

मी एका वाडग्याशी बसलो. बोलायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्याकडे बोट केलं.

‘तुझ्या जोडीदाराचा,’ आजी म्हणाल्या. ‘मघाशीच आलाय तो. बाहेर झऱ्यापाशी बसलाय, पाय बघत. हाक मारली तर बोलेना. नवसाचा असेल म्हणून मीही सोडलं. जा, बोलाव त्याला, निवतंय.’

मी उठलो. खुर्ची पडली.

झऱ्यापाशी कोणी नव्हतं. तुम्ही आज दिवसभर पाणी प्यायलात तोच झरा, तोच बसायचा दगड. पाणी हलत नव्हतं. मी दगडाला फेरी मारली. मागे बघितलं, भिंतीपलीकडे बघितलं. कोणी नाही.

दगडाच्या कडेला, कोणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी, काहीतरी नीट ठेवलेलं होतं. मी वाकलो. काचेचा तुकडा. हिरवा. नखाएवढा. धुतलेला.

एक माझ्या हातून राहिला होता.

मी खूप वेळ तिथे उभा होतो. आजी दारातून हाका मारत होत्या. मग मी झऱ्यात हात घातला, ओंजळ भरली आणि त्या दगडासमोर, बसलेल्या माणसाचे पाय जिथे टेकतात तिथे, हळूहळू पाणी ओतलं. पुन्हा भरली, पुन्हा ओतलं. बोटांच्या मधल्या जागेवरून, टाचेवरून, जिथे लागलं असेल तिथून. पाणी थंड होतं म्हणून मी ते आधी हातात धरून ठेवत होतो, जरा कोमट होईपर्यंत.