खारूताईच्या लग्नाचं सामान

मोशीतल्या त्या खोलीत आम्ही दोघं राहायचो आणि एकमेकांना जवळजवळ कधीच दिसायचो नाही. बुद्धरत्न हिंगोलीकडचा, मी बीडचा. चाकणला वेगवेगळ्या कंपन्यांत कामाला. त्याची बारा तासांची दिवसपाळी, माझी रात्रपाळी. कॉट एकच. सकाळी तो उठून गेला की तासाभराने मी येऊन आडवा व्हायचो. नवराबायको बरे, निदान भांडायला तरी समोरासमोर येतात!

आमची खरी ओळख झाली ती त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या एका खेळामुळे. पोरखेळच म्हणा. खारूताईचं लग्न ठरलंय, वाऱ्याने तिचं सामान उडालंय, आणि प्रत्येक चित्रातल्या पसाऱ्यातून यादीतल्या बारा वस्तू आपण शोधून द्यायच्या. बाशिंग कोबीच्या गड्ड्याआड, करंडा बेडकाच्या छत्रीत, असलं काहीबाही. बुद्धरत्न रात्री नऊ-दहा वस्तू शोधायचा आणि दोन-तीन मुद्दाम माझ्यासाठी ठेवायचा. मी रात्रभर कंपनीत सुट्या भागांवरचे ओरखडे शोधून यायचो, तरी त्या वस्तू शोधल्याशिवाय झोपायचो नाही. कुणीतरी आपल्यासाठी भाकरी झाकून ठेवलीय असं वाटायचं. बाकी त्या अख्ख्या मोशीत माझी वाट बघणारं कुणी नव्हतं.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मंगळवारी सकाळी आलो, तर यादीत दोनच वस्तू उरल्या होत्या. हेल्मेट आणि चप्पल. लग्नात हेल्मेट! मला हसू आलं. गवतात उलटं पडलेलं होतं ते. क्लिक केलं आणि झोपलो.

बुधवारी तीन होत्या. पेला, तांब्या आणि सुरई. तिन्ही रिकाम्या. दुपारी फोनने झोप मोडली.

“समाधानदादा, मी दिव्या. बुद्धरत्नची बहीण. दादा सोमवारपासून फोन उचलंना... रूमवर येतो का तो?”

“येतो की. रोज येतो.”

“तुम्ही बघितलं?”

“अगं, आमची गाठ पडते कुठं? पण रात्री तो खेळ खेळून जातो ना. कालचाही पुढं गेलाय. ओव्हरटाइम चालू असंल. काळजी करू नको.”

“बरं... तुम्ही म्हणता म्हणजे असंल.”

कॉटवरच्या गोधडीची घडी मी घातली होती तशीच होती. मला ते दिसलं होतं. माझे डोळे तर कंपनीने पगारावर ठेवलेत. पण वाटलं, गडी जरा शिस्तीला लागला.

गुरुवारी घंटा आणि शिट्टी. शिट्टी काही सापडेना. शेवटी चित्राच्या अगदी तळाशी, काळ्या पाण्यात दिसली. खोलीत कसलातरी वास भरला होता, कुजक्या गवताचा... त्यात पेट्रोलचा. बाहेरून येत असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी यादीत काहीच नव्हतं. बाराच्या बारा वस्तू सापडलेल्या. खारूताईची वरात निघालेली, बेडूक ताशा वाजवतायत. मी चिडलो. “एक तरी ठेवायची राव माझ्यासाठी,” असं मोठ्याने म्हणालो आणि रिकाम्या खोलीत माझाच आवाज ऐकून ओशाळलो.

शनिवारी गवत कापणाऱ्या बायकांना तो सापडला. चाकणच्या रस्त्याकडेला खोल चर आहे, त्यात, मोटारसायकलखाली पाय अडकलेला. सोमवारी रात्री कामावरून येतानाच पडला होता. ठेकेदाराने तेवढी गैरहजेरी लावली होती. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी संध्याकाळपर्यंत जीव होता.

दिव्या त्याचं सामान न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. यादीतल्या वस्तूंसकट. तिने थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त कॉम्प्युटर उचलला आणि जाताना विचारलं, “तुम्ही सांगितलं नसतं, तर बुधवारी आम्ही शोधायला निघालो असतो ना?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

याला आता चार महिने झाले. मी अजून त्याच खोलीत आहे, कॉटवर एकटाच. आज पाच वाजता, कामावर निघायची तयारी करत असताना दिव्याचा फोन आला. तिला धाप लागली होती.

“समाधानदादा, तुम्ही कुठं आहात?”

“खोलीवर. का गं?”

“आज कामावर जाऊ नका. एकटे बसू नका... कुणाच्यातरी घरी जा. माणसांत बसा.”

“झालं काय?”

“खेळात नवं चित्र आलंय. आमच्या घरात त्याला कुणीच हात लावला नाही. नऊ वस्तू सापडल्यात.”

“आणि माझ्यासाठी ठेवलेल्या तीन? कोणत्या आहेत?”

ती रडायला लागली. मी पुन्हा विचारलं. तिने सांगितलं नाही.